समालोचन कोणाचं?

१

विमला आजरेकर यांचं पत्र मला तीस वर्षांपूर्वी आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

निळं अंतर्देशीय पत्र होतं. उत्तर सुचलं की चटकन सापडावं म्हणून मी ते माझ्या शब्दकोशात ठेवलं. उत्तर रोज सुचायचं आणि संध्याकाळपर्यंत मला ते पोरकट वाटायला लागायचं. मग उशीर झाला. पुढे इतका उशीर झाला की आता लिहिणं म्हणजे त्या उशिराचीच आठवण करून देणं, असं वाटू लागलं.

मी तेव्हा शिवाजी पेठेतल्या एका वाचनालयात मदतनीस होतो. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आबासाहेबांनी कॉम्प्युटर सेंटर काढलं होतं. वाचनालयाचे अध्यक्षही तेच. विमलाताई सेंटरमध्ये शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात फुटबॉलचा एक खेळ तयार करत होत्या, 'पेठ विरुद्ध पेठ'. मराठी अक्षरं मशीनमध्ये नव्हती, म्हणून त्यांनी एकेक अक्षर आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी काढलं होतं. त्या खेळातलं समालोचन मी लिहिलं.

मी आयुष्यात एकदाही मैदानावर गेलेलो नाही; गर्दीत माझा जीव घाबरा होतो. पण माझ्या टेबलामागची खिडकी तालमीच्या कट्ट्यावर उघडायची, आणि आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचेच. मॅच संपली की पोरं तिथं बसून ती पुन्हा तोंडानं खेळायची. ते सगळं मी रद्द झालेल्या पुस्तक-कार्डांच्या पाठीवर उतरवून ठेवायचो. विमलाताईंना ती कार्डं दिसली, त्यांनी मागितली आणि मी दिली.

पत्रात त्यांनी लिहिलं होतं : 'खेळ पूर्ण झाला. तुमच्या दोनशे चौदा ओळी जशाच्या तशा घातल्या आहेत. तुमचं नावही घालायचं आहे, पण तुमच्या परवानगीशिवाय ते मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही हो म्हणालात की खेळ सुरू होईल. उत्तराची वाट पाहते.'

वाचनालयातला माणूस कट्ट्यावरच्या आरोळ्या लिहितो, हे आबासाहेबांना कळलं तर काय म्हणतील, या भीतीनं मी गप्प राहिलो. महिन्याभरानं आबासाहेबांनी तो खेळ लावून पाहिला. तो चालला नाही. बाईंनी वर्षभर मशीन अडवून फसवणूक केली, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि विमलाताईंना काढून टाकलं. त्या पेठ वडगावला माहेरच्या घरी निघून गेल्या.

हे सगळं मी विसरल्यासारखं वागत होतो. मग गेल्या दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, उन्मेषचा फोन आला.

"तात्या, बाईंची फ्लॉपी कोरी आहे. काल त्यात खेळ होता. आज काहीच नाही."

२

उन्मेष आणि भैरवी यांची सायकलच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं ते दोघं जुने कॉम्प्युटर-खेळ नव्या फोनवर नि लॅपटॉपवर चालते ठेवतात. लोक माळ्यावरून फ्लॉप्या आणि सीड्या शोधून आणून देतात. जुना खेळ नव्या मशीनवर तसाच चालत नाही. नव्या मशीनला आधी जुनं असल्याचं सोंग घ्यायला लावावं लागतं. ते सोंग आणणाऱ्या प्रोग्रामला इम्युलेटर म्हणतात. त्याच्या आत बसलेल्या खेळाला वाटतं, आपण अजून चौऱ्याण्णव सालातच आहोत. हे मला उन्मेषनं समजावलं तेव्हा मला त्या खेळाचा हेवा वाटला होता.

रविवारी सेंटरचा वर्धापनदिन होता. त्यात हे दोघं जुने खेळ मांडणार होते आणि 'पेठ विरुद्ध पेठ' पहिल्यांदाच सगळ्यांसमोर चालणार होता. तो बघायला विमलाताई येणार होत्या. त्यांचं वय आता बहात्तर. तीस वर्षं ज्या गावानं त्यांना फसवी म्हटलं, त्या गावासमोर त्यांचा खेळ चालायचा होता. त्यांना दुसरं काही नको होतं.

फ्लॉपी केरबाकडं होती; ती देईन, असं त्यानं दोन महिन्यांपूर्वीच कबूल केलं होतं. हा पूर्वी सेंटरमध्ये शिपाई होता. आता सेंटरच्याच खालच्या गाळ्यात वह्या-पुस्तकांचं बाइंडिंग करतो. आमच्या वाचनालयाची पुस्तकं वीस वर्षं त्यानंच बांधली. गुरुवारी संध्याकाळी तो बिस्किटांचा डबा घेऊन खोलीवर आला, तेव्हा मीही नेहमीसारखा कोपऱ्यात बसलेलो होतो.

डब्यातून निळी फ्लॉपी निघाली. पांढऱ्या लेबलावर विमलाताईंचं अक्षर. लेबलाच्या कोपऱ्यावर हळदकुंकवाचं बोट उठलेलं, अर्धं कागदावर, अर्धं निळ्या प्लास्टिकवर.

"हे काय मामा?" भैरवीनं विचारलं.

"खंडेनवमीला कात्री, दाभण, सुरीची पूजा करतो, तवा हिचीबी करतो. मशीनच हाय की ती बी."

"अहो, कुंकू आत गेलं असतं म्हणजे?"

"आत कसं जाईल? मी काय लोणच्यात घातलीया व्हय तिला?"

सगळे हसले. आबासाहेबांचे चिरंजीव अमरसिंहही हसले. सेंटर आता तेच चालवतात आणि रविवारच्या हॉलचं बोलायला आले होते. पण हसून झाल्यावर ते म्हणाले, "चालला तर चालू दे खेळ. पण पहिल्या पडद्यावर आबांचं नाव पाहिजे हं उन्मेष. मशीन त्यांचं, वीज त्यांची."

उन्मेषला हॉल हवा होता. तो म्हणाला, "बघू दादा."

मग त्यानं फ्लॉपी मशीनमध्ये घातली. "अकरा फायली!" तो ओरडला, आणि तेवढ्यात लाईट गेली. आम्ही दहा मिनिटं अर्ध्या अंधारात बसलो. लाईट काही आली नाही. उन्मेषनं चाचपडत फ्लॉपी बाहेर काढली, टेबलावर ठेवली, मग ड्रॉवर सरकवल्याचा आवाज आला आणि आम्ही जिना उतरलो.

शुक्रवारी उन्मेषनं सगळ्यात मोठी चूक केली होती. मला फोन करण्याआधी त्यानं विमलाताईंना फोन केला होता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, मग मी येत नाही. एकदा झालं तेवढं पुरे."

३

"तात्या, जन्मभर खुनांची पुस्तकं वाचलीत," भैरवी म्हणाली. "आता एक चोरी पकडून दाखवा."

तिनं चेष्टेनं म्हटलं, पण तिचे डोळे लाल होते. मी म्हणालो की पुस्तकात शेवटचं पान असतं, म्हणून मला चोर कळतो. त्यावर ती हसली नाही.

"माझ्यापासूनच सुरू करा की. गेले दोन महिने मी ह्याच्याशी भांडतेय. मी म्हणते, जुनं चित्र कोण बघणार, नवा खेळ करू. हा म्हणतो, बाईंनी काढलेला एक ठिपकाही हलवायचा नाही. जुना गेला तर फायदा कुणाचा? माझाच."

"ड्रॉवरला कुलूप?"

"ड्रॉवरला नाही, खोलीला आहे. किल्ली माझ्याकडे नि ह्याच्याकडे. सकाळी नऊला मीच उघडलं."

"मग कोण कोण आलं?"

"अमरदादा आले बॅनर दाखवायला. मी तो जिन्यात उलगडून बघत होते, तेवढा वेळ ते एकटेच आत होते. मग केरबामामा आले. त्यांचा डबा काल इथंच राहिला होता. मी चहा टाकत होते, ते डबा घेऊन गेले. दहाला हा आला, आणि बोंबलला."

उन्मेष खिडकीशी उभा होता. मी त्याला विचारलं, "काल अंधारात तू नक्की हीच फ्लॉपी ड्रॉवरमध्ये ठेवलीस?"

तो वळला. "तात्या, खरं सांगू? टेबलावर ठेवलेली आठवते. ड्रॉवर कुणी सरकवला, ते आठवत नाही. मला वाटलं भैरवीनं."

"मला वाटलं तू," भैरवी म्हणाली.

म्हणजे ड्रॉवर तिसऱ्याच कुणीतरी सरकवला होता. मीही त्या अंधारात बसलो होतो, आणि नेहमीप्रमाणे मान खाली घालून.

मी फ्लॉपी हातात घेतली. लेबल बोटाला जरा गार आणि ओलसर लागलं. वाटलं, माझ्याच हाताला घाम आला असेल. अनोळखी कामाला हात घातला की येतो. फ्लॉपी शर्टाच्या खिशात ठेवली आणि मी अमरसिंहांना भेटायला निघालो.

४

सेंटरच्या जिन्यावरून मी दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा अमरसिंहांनीच वरून पाहिलं.

"काय तात्या, पायऱ्या मोजताय का? या की वर!"

केबिनमध्ये नवा बॅनर पसरलेला होता. त्यावर आबासाहेबांचा फेट्यातला फोटो. मी काही विचारण्याआधीच ते बोलू लागले.

"तुम्ही कशाला आलाय, मला ठाऊक आहे. फ्लॉपी मी पुसली, असं त्या पोरांना वाटतंय. मी कशाला पुसू? ती कोरीच होती. फायली उन्मेषनं मोजल्या, मी बघितलेल्या नाहीत."

"पण ती कोरी निघाल्याचा तुम्हाला फायदा..."

"आहेच की! लपवतोय कुठं?" त्यांनी टेबलावर थाप मारली. "तीस वर्षं झाली, अजून तालमीतले म्हातारे मला ऐकवतात, तुझ्या बापानं चांगल्या बाईला घालवलं. आबा वाईट नव्हते हो. एक अख्खी दुपार बसले होते त्या मशीनपुढं. मी शेजारी होतो, कॉलेजात होतो तेव्हा. खेळ लावला की पडद्यावर नाव मागायचा. आबांनी नाव टाकलं. परत पहिल्या जागी. आडनावासकट टाकलं. परत तेच. चारदा टाकलं! घाम फुटला त्यांना. त्यांना वाटलं बाईनं थट्टा केली."

"कुणाचं नाव टाकलं?"

"त्यांचंच की. दुसऱ्या कुणाचं टाकणार?"

मी उठलो. दारात पोचलो तेव्हा ते मागून म्हणाले, "तात्या, रविवारी खेळ चालला नाही तर मी स्टेजवरून एकदाचं सांगून टाकणार. खेळ कधी नव्हताच. मग त्या बाईंना वाईट वाटो की कुणाला वाटो."

त्यांच्या बोलण्यात राग होता, पण लपवाछपवी नव्हती. मला माणसं ओळखता येत नाहीत, हे मान्य. तरी ज्याला फ्लॉपी पुसायची असेल, त्यानं चोरासारखं वागायला हवं होतं. हा माणूस तर स्वतःवरचा संशय स्वतःच ओरडून सांगत होता.

५

घरी आल्यावर मी शब्दकोशातलं पत्र काढलं आणि फ्लॉपी त्याच्या शेजारी ठेवली. दोन्हीकडे एकच अक्षर. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

गुरुवारी हळदकुंकवाचं बोट अर्धं कागदावर आणि अर्धं प्लास्टिकवर होतं. आता कागदावरचा अर्धा भाग होता. लेबलाची कड जिथं संपली, तिथं कुंकूही सरळ रेषेत कापल्यासारखं संपलं होतं. पलीकडचं निळं प्लास्टिक स्वच्छ होतं.

कुणी पुसलं असेल? पुसलं तर लालसर डाग राहतो, आणि पुसणारा कागदाच्या कडेला इतका अचूक थांबत नाही. मग मला ते ओलसर लेबल आठवलं. घाम माझ्या हाताला नव्हता. तीस वर्षांपूर्वी चिकटवलेला कागद ओला होता, कारण तो आदल्या दिवशीच चिकटवला होता.

फ्लॉपी पुसली गेलीच नव्हती. ही फ्लॉपीच दुसरी होती. खऱ्या फ्लॉपीचं लेबल कुणीतरी उचकटून, त्याच रंगाच्या कोऱ्या फ्लॉपीवर चिकटवलं होतं. म्हणजे खरी फ्लॉपी शाबूत होती. कुठंतरी.

मी चाकूच्या टोकानं लेबलाचा कोपरा हलकेच उचलला. हे काम मला येतं. पस्तीस वर्षं पुस्तकांवर चिकटवलेली तिकिटं काढली आहेत. खाली खळ होती, पिठाची, शिजवलेली. तिच्यावर निळसर झाक होती.

ही निळी झाक ओळखायला हेर लागत नाही. पुस्तकाला कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. उन्मेषच्या खोलीत चिकटपट्टी असते, अमरसिंहांच्या केबिनमध्ये डिंकाची कांडी. मोरचुदाची खळ ठेवणारा एकच माणूस गुरुवारी त्या अंधारात बसला होता, आणि त्यानं आणलेला डबा तो शुक्रवारी सकाळी परत न्यायला आला होता.

पण फ्लॉपी केरबाचीच होती. स्वतःच आणून दिलेली वस्तू माणूस स्वतःच का चोरेल?

६

शनिवारी सकाळी केरबा गाळ्यात एकटाच होता. मी लेबलाचा कोपरा सुटलेली फ्लॉपी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती पाहिली, दाभण खाली ठेवलं आणि म्हणाला, "बसा की तात्या."

"का केलंस?"

"उत्तर दिलंसा काय?"

मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. "मी विचारतोय, फ्लॉपी का बदललीस?"

"अन् मी इचारतोय, बाईच्या पत्राचं उत्तर दिलंसा काय? जाताना बाईनं ही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, केरबा, जोतीरामभाऊंस्नी पत्र घातलंय. त्यांचं उत्तर आलं की ही त्यांस्नी दे. तवर कुणाला देऊ नगंस. मी म्हटलं, बरं. तुमी दर म्हैन्याला पुस्तकं आणत हुतासा. मी वाट बघायचो, आज बोलतील, उद्या बोलतील. तुमी म्हणायचा, पुठ्ठा जाड घाल. झालं!"

मी फ्लॉपी उलटी करून पुन्हा खाली ठेवली.

"मग परवा का आणलीस?"

"म्हातारा झालो. बाई सोताच येणार म्हटल्यावर म्हटलं देऊ. तर हितं अमरदादा म्हणालं, पयलं नाव आबांचं. अन् ते पोरगं म्हणालं, बघू." केरबानं 'बघू' अशा सुरात म्हटलं की उन्मेषनं ऐकलं असतं तर लाजेनं स्वतःचा जिना चढला नसता. "म्हणून लाईट गेल्यावर उचलली. ड्रॉवर मीच सरकवला, आवाज करून. घरी दुसरी कोरी हुती, त्याच खोक्यातली. लेबल लावून सकाळी ठिवली. रयवारी बाई आल्या की खरी त्यांच्या हातात देणार हुतो. उघड न्हाई कशी म्हणू? माझं दुकान त्यांच्या गाळ्यात हाय."

"केरबा, बाई येणारच नाहीत. फ्लॉपी कोरी आहे, असं उन्मेषनं त्यांना कळवलंय."

त्याचा चेहरा उतरला. असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"आयला," तो पुटपुटला. मग उठून त्यानं फळीवरच्या पोथ्यांमागून एक फडकं काढलं. आत निळी फ्लॉपी होती. लेबल नव्हतं, प्लास्टिकवर कुंकवाचं अर्धं बोट तेवढं होतं.

"घ्या. बाईस्नी मी आणतो. पयल्या गाडीनं वडगावला जातो, उचलून आणायची पाळी आली तरी आणतो." तो दारात थांबला. "पर तात्या, तुमचं उत्तर ऱ्हायलंच."

७

उन्मेषनं फ्लॉपी आत सारली. अकरा फायली. या वेळी त्यानं आधी तीन ठिकाणी प्रत करून घेतली आणि मगच खेळ लावला. फ्लॉपी कुठं मिळाली, ते मी सांगितलं नाही. केरबाला तसा शब्द दिला होता. पण केरबानं त्या 'बघू'वर काय म्हटलं, ते नाव न घेता सांगितलं. उन्मेष लाल झाला. म्हणाला, "हॉल गेला तरी चालेल. नाव बाईंचंच."

मशीननं सोंग घेतलं. काळ्या पडद्यावर ठिपक्यांची मराठी अक्षरं उमटली :

समालोचन कोणाचं?

आणि खाली एक चौकोन लुकलुकत राहिला.

भैरवीनं इंग्रजी अक्षरांत 'विमला' टाइप केलं. पडदा काळा झाला आणि तोच प्रश्न परत आला. 'आजरेकर'. परत तेच. पेठेचं नाव, सेंटरचं नाव, तालमीचं नाव. परत तेच.

"आबासाहेब इथंच अडकले होते," उन्मेष म्हणाला. "फायली फोडून उत्तर शोधता येईल, पण वेळ लागेल. उद्या सकाळपर्यंत नाही होणार. आणि बाई कालपासून फोन उचलत नाहीत."

माझ्या खिशात पत्र होतं. 'तुमच्या परवानगीशिवाय ते मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही हो म्हणालात की खेळ सुरू होईल.' तीस वर्षं मी हे वाक्य सौजन्याचं समजत होतो. त्या फक्त आपला प्रोग्राम कसा चालतो ते सांगत होत्या. आबासाहेबांनी चारदा स्वतःचं नाव टाकलं, आणि चारदा खेळानं ते नाकारलं. खेळाला दोनशे चौदा ओळींच्या लेखकाचं नाव हवं होतं. विमलाताईंनी ते सांगून टाकलं असतं, तर त्यांची नोकरी वाचली असती. माझी गेली असती. त्या बोलल्या नाहीत, कारण मी उत्तर दिलं नव्हतं.

"तात्या, बरं नाही वाटत का?" भैरवीनं विचारलं.

"मला उत्तर ठाऊक आहे," मी म्हणालो. "बहुतेक."

"मग टाका ना!"

"उद्या. सगळ्यांसमोर."

हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं, यावर त्या दोघांच्या आधी माझा विश्वास बसला नाही.

८

रविवारी हॉल भरला होता. टेबलांवर फोन मांडलेले होते, मुलं वाकून जुने खेळ खेळत होती, आणि मुलांपेक्षा त्यांचे बापच जास्त ओरडत होते. मी स्टेजच्या पायरीशी उभा होतो. हात पाठीमागे धरले होते.

साडेदहाला केरबा आत आला. त्याच्या मागून विमलाताई आल्या. केस पांढरे झाले होते; चाल तीच, घाईची. त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी मान खाली घातली नाही.

अमरसिंहांनी माईक हातात घेतला. "मंडळी, हा खेळ आमच्या आबांनी चारदा लावला होता. चारदा अडला. आज हे तात्या म्हणतात, तो चालेल. बघू या तर!"

माझ्या मागच्या मोठ्या पडद्यावर प्रश्न लुकलुकत होता. मी माईक घेतला. आधी तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, "बोला की पावणं!"

"आबासाहेब खोटं बोलले नव्हते," मी म्हणालो. "खेळ खरंच अडत होता. पण तो बिघडलेला नव्हता. त्यानं एक प्रश्न विचारला होता आणि उत्तर चुकीचं मिळत होतं. बरोबर उत्तर एकाच माणसाकडं होतं. तो माणूस घाबरट होता. त्यानं बाईंच्या पत्राला उत्तर दिलं नाही. बाईंनी त्याचं नाव न सांगता स्वतःवर आळ घेतला."

मी एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप केलं. जोतीराम.

पडदा काळा झाला. मला वाटलं, संपलं, मीच चुकलो.

मग हिरवं मैदान उघडलं. त्यावर अक्षरं आली : 'रचना – विमला आजरेकर. समालोचन – जोतीराम सांगावकर.' आणि खेळाडू असे सुटले, की चेंडू दिसेचना! इकडून तिकडं नुसती निळी-पिवळी रेघ. लोक हसायला लागले.

"मशीन फार पळतंय!" भैरवी ओरडली. "खेळ जुन्या वेगाचा आहे. उन्मेष, वेग उतरव! आणखी! आणखी!"

उन्मेषनं वेग उतरवला. रेघेचा चेंडू झाला, ठिपक्यांची पोरं झाली, ती धावू लागली, आणि पडद्याच्या तळाशी पहिली ओळ उमटली :

'आरं हान की! गोलकी काय तुझा मामा हाय व्हय?'

हॉलमध्ये असा आवाज उठला की खिडक्यांच्या काचा वाजल्या. मागच्या रांगेतले तालमीचे म्हातारे उभे राहिले. "आरं, हे आपलंच बोलणं! आपल्या कट्ट्यावरचं!" एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, "मामा मीच म्हणायचो की, आमच्या गुंडूला!" गोल झाला तेव्हा पडद्यावरची ओळ वाचायची कुणाला गरज पडली नाही, शंभर तोंडांनी एकदम म्हटली.

अमरसिंह पडद्याकडं बघत उभे होते. मग त्यांनी माझ्याकडून माईक घेतला.

"फ्लॉपी कुणी नेली होती, ते तात्या सांगत नाहीत."

"मी नेलती," केरबा जागेवरून उठून म्हणाला. "गाळा काढून घ्यायचा तर घ्या."

अमरसिंहांनी त्याच्याकडं पाहिलं. "गाळा कशाला घेऊ? तू नेलीस म्हणून राहिली. माझ्या हातात असती तर रद्दीत गेली असती." मग ते विमलाताईंकडं वळले. त्यांचा आवाज एरवीइतकाच मोठा होता, पण अडखळत होता. "बाई, चूक आमच्या आबांची. त्यांनी चारदा स्वतःचंच नाव टाकलं. दुसऱ्या कुणाचं असेल, असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सगळ्यांसमोर बोलले होते ते, म्हणून मीही सगळ्यांसमोर माफी मागतो."

विमलाताई उठल्या. त्यांनी माईक घेतला नाही, खेळ खेळायला पुढं सरसावलेल्या एका मुलीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, डावीकडून काढ. उजवा बॅक मी मुद्दाम आळशी ठेवलाय." टाळ्या थांबेचनात.

९

कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"जोतीरामभाऊ, माझ्या पत्राचं उत्तर?"

"आत्ताच दिलं की, सगळ्यांसमोर."

"ते मशीनला दिलंत. मला नाही." त्या हसत होत्या, पण चेष्टा करत नव्हत्या. "आणि ती भैरवी म्हणते, या खेळाला धक्का न लावता शेजारी नवा भाग करू. मी हो म्हटलंय. समालोचन कोण लिहिणार?"

सोमवारी सकाळी मी लिहायला बसलो. पहिला कागद चांगला वाटला नाही. दुसराही नाही. तिसरा मी परत वाचलाच नाही, लगेच पाकिटात घातला. त्यात एवढंच होतं :

'सविनय नमस्कार. आपलं पत्र पोचलं. उत्तर हो. माझं नाव घालावं. उत्तराला उशीर झाला. त्याला कारण माझी भीती, दुसरं काही नाही. नव्या भागाला किती ओळी लागतील ते कळवावं. खिडकी अजून तीच आहे.'

पोस्टाची पेटी वाचनालयाच्या कोपऱ्यावरच आहे. तीस वर्षं मी तिच्यावरून रोज गेलो. वाटेत केरबाचा गाळा लागतो. मी पाकीट उंच धरून त्याला दाखवलं. तो दाभण हातात घेऊनच बाहेर आला आणि पेटीपर्यंत माझ्याबरोबर चालला. माझा त्या बाबतीत त्याला भरवसा नव्हता, आणि तो बरोबरच होता.

"तिकीट लावलंसा?"

"लावलं."

"पत्ता?"

"लिहिला."

"मग आता काय बघालासा? टाका की!"

मी टाकलं.